फिरत्या पंखांची वकिली

"डिकॉय म्हणजे मुळातच फसवणूक. ती लाकडाची असली काय, प्लॅस्टिकची असली काय नि बॅटरीवर चालणारी असली काय! एकदा फसवायचं ठरल्यावर त्यात सोवळं-ओवळं कसलं?"

कॅलिफोर्नियातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या एका मित्राने बदकांच्या शिकारीवर लेख लिहिला, त्यातलं हे वाक्य. लेख वाचनीय आहे. पहाटेचं धुकं आणि ओल्या कुत्र्याचा वास, दोन्ही त्यात नेमके उतरलेत. अकरा हंगाम आम्ही दोघं सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या पाणथळींवर एकत्र जातो आहोत, एकाच थर्मासातला चहा पितो आहोत, तेव्हा हे भांडण घरातलंच आहे. पण लेखाचा शेवटचा भाग त्याने फिरत्या पंखांच्या, मोटार लावलेल्या डिकॉयच्या, म्हणजे खऱ्या बदकांना भुलवून खाली बोलावणाऱ्या खोट्या बदकाच्या, वकिलीला दिला आहे. ती वकिली इतकी सफाईदार आहे, की शिकारीशी काडीचा संबंध नसलेला वाचक मान डोलावून पुढच्या पानावरच्या अनारशांकडे वळेल. म्हणून हे उत्तर.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. "मुळात पक्षी मारायचेच कशाला?" असं विचारणाऱ्यांशी माझा वाद वेगळा आहे, आणि त्यात मी दरवेळी जिंकतोच असं नाही. माझं बालपण उजनीच्या फुगवट्याच्या काठी गेलं. थापट्या आणि तलवार बदकं तिथे हिवाळ्यात उतरत, ती आम्ही नुसती बघायचो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीला आळा घातला हे योग्यच झालं, असं मी आजही मानतो. अमेरिकेत व्यवस्था वेगळी आहे. इथे शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, रोजची मर्यादा असते. आणि १९३४ पासून प्रत्येक बदक-शिकाऱ्याला विकत घ्यावा लागणारा डक स्टँप असतो, ज्याच्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात. त्या चौकटीत मी बदकं मारतो आणि खातो. माझं म्हणणं त्या चौकटीच्या आतलं आहे.

आता यंत्र. प्लॅस्टिकचं पोकळ बदक, साधारण खऱ्या नराएवढं. पोटात बॅटरी आणि छोटी मोटार. दोन्ही अंगांना पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे पंख, एका बाजूने पांढरे, दुसऱ्या बाजूने काळपट. चिखलात लोखंडी खुंट रोवायचा, त्यावर बदक बसवायचं, पंख दांड्यांवर घालून स्क्रू आवळायचे (थंडीने बोटं बधिर झालेली असतात, स्क्रू हमखास पाण्यात पडतो, लोहचुंबकाने चिकटणारे पंख निघाले ते उगाच नव्हे) आणि खिशातल्या रिमोटचं बटण दाबायचं. पंख गरगरू लागले की पांढरं-काळं, पांढरं-काळं अशी लुकलुक सुरू होते. खरं बदक पाण्यावर उतरताना पंख फडफडवतं तेव्हा त्याच्या पंखांखालचा पांढरा रंग दुरून असाच लुकलुकतो. वरून जाणाऱ्या थव्याला त्याचा अर्थ एकच लागतो: खाली कोणीतरी आत्ता उतरतंय, म्हणजे जागा धोक्याची नाही. जवळ बसलं की यंत्राची बारीक घरघर ऐकू येते, टेबलफॅनच्या धाकट्या भावासारखी.

आपल्या शेतातलं बुजगावणं माणसाचं सोंग घेऊन पाखरांना हाकलतं. हे पाखराचं सोंग घेऊन पाखरांना बोलावतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ते दिसू लागलं आणि बघता बघता देशभर पसरलं.

आता सोवळ्या-ओवळ्याकडे वळतो. मित्राने नेवाडातल्या लव्हलॉक गुहेचा दाखला दिला आहे. १९२४मध्ये तिथे लव्हाळ्यांची विणलेली अकरा डिकॉय सापडली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कॅनव्हासबॅक बदकाचा आकार, रंगवलेलं अंग, काहींवर खोचलेली खरी पिसं. आपल्याकडचा दाखलाही त्याने जोडला आहे: तळ्यात रिकामी मडकी तरंगत सोडायची, पक्ष्यांना त्यांची सवय झाली की एक दिवस माणसाने डोक्यावर तसंच मडकं घालून गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू जायचं आणि बदकाचे पाय खालून धरून त्याला पाण्याखाली ओढायचं. दोन्ही दाखले खरे आहेत. निष्कर्ष मात्र त्याने उलटा काढला. गुहेतलं ते लव्हाळ्याचं बदक कोणी तरी दिवसभर बसून विणलं होतं. आणि मडकंवाला? तो स्वतः हिवाळ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा होता! त्याचा श्वास अडकला, पाय घसरला, हात जरासा लवकर उठला, तर सगळं तळं एका क्षणात रिकामं. फसवणूक होतीच. पण तिच्यात माणूस पुरता बुडालेला होता, अक्षरशः.

फसवणुकीत फरक करायचाच नसतो, हे म्हणणं अमेरिकेच्या कायद्यालाही कधी मान्य नव्हतं. एके काळी इथे जिवंत बदकांनाच डिकॉय म्हणून वापरत. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर लोक पाळीव माद्या पायात चामडी पट्टा बांधून पाण्यात सोडत, म्हणजे त्या ओरडून रानबदकांना बोलावत. काही जण पाळलेले पक्षी थेट थव्याच्या दिशेने हवेत उडवत. ते मालकाकडे परत फिरत आणि मागून थवा येई. ही युक्ती जालीम होती, म्हणूनच बंद झाली. तिसाच्या दशकात प्रेअरीच्या गवताळ मैदानांत दुष्काळ पडला, तळी आटली, बदकं धोक्याच्या पातळीला गेली. वन्यजीव खात्याचा प्रमुख तेव्हा जे. एन. डार्लिंग हा व्यंगचित्रकार होता. पहिल्या डक स्टँपचं चित्रही त्याचंच. (व्यंगचित्रकाराच्या हाती सरकारी खातं दिलं की काय होतं याचं हे एक दुर्मीळ चांगलं उदाहरण.) १९३५मध्ये जिवंत डिकॉय बंद झाली, दाणे टाकून मारणं बंद झालं, बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत असं ठरलं, आणि हंगाम ३० दिवसांवर आणला गेला. बदकं पुढे सावरली. हंगाम पुन्हा लांबला. जिवंत डिकॉयवरची बंदी मात्र उठली नाही.

ती किती कडक आहे बघा. ज्या जागी शिकार करायची तिथे पाळीव बदकं असतील, तर आधीचे सलग १० दिवस ती अशा बंदिस्त जागेत हवीत, की रानपक्ष्यांना ती अजिबात दिसणार नाहीत आणि त्यांचा आवाजही बराचसा दबलेला राहील. शेतकऱ्याच्या परसातली बदकंसुद्धा यातून सुटत नाहीत.

आणि १९५७ मध्ये आणखी एक बंदी आली. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. ध्वनिमुद्रित किंवा विजेने मोठा केलेला बदकांचा आवाज शिकारीत वापरायचा नाही, असा संघराज्याचा नियम झाला. तोंडाने फुंकायची लाकडी शिटी चालते. तीच शिटी वाजवून टेप करायची आणि स्पीकरवर लावायची, हे चालत नाही. मित्राच्या तर्काने हा नियम शुद्ध बावळटपणा ठरतो. शिटीही फसवणूक, स्पीकरही फसवणूक, मग सोवळं कसलं? पण सत्तर वर्षं होत आली, हा नियम रद्द करा असं मित्र कधी म्हणाला नाही. उलट दोन हंगामांपूर्वी शेजारच्या तळ्यातून स्पीकरचा आवाज येतोय असा संशय आला तेव्हा सर्वांत आधी तोच उठून उभा राहिला. फसवणुकी-फसवणुकीतला फरक त्यालाही कळतो. कानाच्या बाबतीत कळतो, डोळ्याच्या बाबतीत कळत नाही, एवढंच.

कायद्याने रेघ आधीच मारली आहे: श्वास एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. शिटी वाजवणाऱ्याला दम लागतो, सूर चुकतो, कधी शिंक येते. स्पीकरला यातलं काही होत नाही. तीच रेघ पुढे नेली की हात एकीकडे आणि मोटार दुसरीकडे पडते. मी नवीन काही मागत नाही. जी गोष्ट बदकाच्या कानांसाठी कबूल झाली ती त्याच्या डोळ्यांसाठीही कबूल करा, इतकंच माझं म्हणणं.

हे सगळं भावनिक आहे, यंत्राने खरोखर फार फरक पडतो असं सिद्ध कुठे झालंय, असं मित्र पुढे लिहितो. यंत्र विकत घेताना मात्र तो असं म्हणाला नव्हता. शंभर-दीडशे डॉलर फरक न पडणाऱ्या वस्तूवर कोण टाकतो? पण चेष्टा सोडून देऊ, कारण मोजमाप खरंच झालेलं आहे. २००२मध्ये मिनेसोटात मायकेल सिमान्स्की आणि अ‍ॅलन अ‍ॅफ्टन या संशोधकांनी शिकारीच्या वेळी तेच यंत्र आळीपाळीने चालू-बंद ठेवून मॅलार्ड बदकांचं वागणं नोंदवलं. यंत्र चालू असताना थवे शिकाऱ्यांच्या टप्प्यात येण्याची शक्यता २.९१ पट झाली. दर शिकाऱ्यामागे, दर तासाला मारलेल्या मॅलार्डची संख्या ४.७१ पट झाली. पुढे कॅलिफोर्नियापासून आर्कान्सापर्यंतच्या आणि कॅनडातल्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा परिणाम जातीनुसार आणि जागेनुसार कमी-जास्त दिसला. म्हणजे मिनेसोटाचा आकडा सगळीकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला मान्य. पण "फरक सिद्ध नाही" हे नाही मान्य.

आणखी एक साक्ष आहे, ती तर सरकारचीच. उत्तरेकडून येणारे पांढरे हंस, इथले स्नो गीज, इतके वाढले की आर्क्टिकमधली त्यांची विणीची जमीनच ते खरवडून उघडी करू लागले. त्यांची संख्या मुद्दाम कमी करायची ठरली तेव्हा, १९९९मध्ये, सरकारने काय केलं? त्यांच्यापुरती विजेच्या आवाजाची परवानगी दिली आणि तीन काडतुसांची मर्यादा उठवली. पक्षी जास्त मरायला हवे असतात तेव्हा बॅटरी चालते. ती कशासाठी असते हे यापेक्षा स्वच्छ कोणी सांगायला नको.

आता मित्राचा भारदस्त मुद्दा. पंचवीस वर्षं ही यंत्रं चालू आहेत, बदकं संपली का? नाही संपली. अमेरिका आणि कॅनडा १९५५ पासून दर वसंतात विमानातून प्रजननक्षेत्रातली बदकं मोजतात. २०२४ची मोजणी सुमारे ३ कोटी ४० लाख होती. मॅलार्ड सुमारे ६६ लाख, म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या खाली. माझ्या बाजूचे काही लोक याचं खापर यंत्रावर फोडतात. मी फोडणार नाही. प्रेअरीतला पाऊस, गवताळ रानांची नांगरट, खड्ड्याखड्ड्यांत साचणारं पाणी, बदकांचं नशीब तिथे ठरतं. वड्याचं तेल वांग्यावर काढून माझी बाजू बळकट होणार नाही.

पण हा मुद्दा माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे कुठे? स्पीकरवरची बंदी उठवली तर बदकं संपतील का? बहुधा नाही, हंगाम थोडा आखडेल आणि हिशेब जुळेल. तरी ती कोणी उठवत नाही. किती मारायचे हा एक प्रश्न आहे. कसे मारायचे हा दुसरा. रोजची मर्यादा पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्याला तिच्या तोंडी उत्तर नाही. आमच्या पट्ट्यात रोजची मर्यादा सात बदकांची आहे, "सातच तर मारतोय, कशी का मारेना", असं मित्र लिहितो. त्याच्या या वाक्यात एक गफलत दडली आहे. सार्वजनिक पाणथळीवर रोज सात मारून परतणारे किती? आमची स्वतःची गोळाबेरीज मी वहीत ठेवतो. अकरा हंगामांत दोघांचे सात-सात झालेले दिवस एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मर्यादा म्हणजे कमाल. बहुतेक दिवशी बहुतेक माणसं तिच्या बरीच खाली असतात. तेव्हा यंत्र ज्याला एकाऐवजी चार मिळवून देतं, तो मर्यादा मोडत नाही, पण मरणारी बदकं वाढतात. "मर्यादा आहेच की" म्हणून हात झटकता येत नाहीत.

ती जास्तीची बदकं येतात कुठून? बरीचशी शेजारच्या तळ्यावरून. हे मला लेखात कुठेच दिसलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. खाजगी क्लबाची शंभर एकर भातखाचरं ज्याची आहेत, त्याला यंत्राची गरज कमी, पाणीच त्याचं. सार्वजनिक पाणथळीवर मात्र सोडतीत जागा मिळालेला माणूस, शेजारी दोनशे-तीनशे यार्डांवर दुसरा, त्यापलीकडे तिसरा. एकाने यंत्र लावलं की वरून जाणारा थवा त्याच्याकडे वळतो. दुसरा दुसऱ्या आठवड्यात यंत्र आणतो. तिसरा दोन आणतो. गणपतीत एका मंडळाने डीजे आणला की शेजारच्या मंडळाला आणावाच लागतो, आणि शेवटी कोणाचंच गाणं ऐकू येत नाही, तसा हा प्रकार आहे. कोकण-गोव्याच्या समुद्रात एलईडी दिव्यांनी मासे ओढण्यावरून पारंपरिक रापणीवाल्या मच्छीमारांनी जो संताप केला, आणि २०१७मध्ये केंद्राने त्या दिव्यांवर बंदी घातली, त्यामागेही हेच होतं. तिथे पोटाचा प्रश्न होता, इथे रविवारच्या हौसेचा आहे. दोन्ही एका मापाने मोजायचा माझा विचार नाही. पण दिव्याकडे वळलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यातून जातो, हा व्यवहार दोन्हीकडे सारखा.

कॅलिफोर्नियाने यावर काढलेला तोडगा मजेशीर आहे. हंगाम सुरू झाल्यापासून ३० नोव्हेंबरपर्यंत फिरत्या पंखांचं यंत्र बंद, १ डिसेंबरपासून खुलं. कारण सांगितलं जातं ते असं: हंगामाच्या सुरुवातीला राज्यातच जन्मलेले, बंदुकीचा आवाज न ऐकलेले मॅलार्ड जास्त असतात, त्यांना थोडं सांभाळावं. कारण खोटं नाही. पण त्याचा अर्थ असा होतो, की यंत्र घातक आहे हे राज्याला मान्य आहे, फक्त डिसेंबरात ते आपलंसं करायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! शेजारच्या ऑरेगन आणि वॉशिंग्टनने बॅटरीच्या डिकॉयला सरळ नाही म्हटलं. आर्कान्साने २००५मध्ये बंदी घातली आणि तीन वर्षांत उठवली. मिनेसोटाने सुरुवातीच्या आठवड्यांपुरतं बंधन घातलं, पुढे तेही काढून टाकलं. बंदी टिकत नाही म्हणजे ती चूक होती, असं मित्र यावरून म्हणतो. मला दिसतं ते असं, की एकट्या राज्याने बंदी घातली की तिथला शिकारी सीमेपलीकडे बोट दाखवतो: त्यांना चालतं, आम्हालाच का? बदकं राज्याच्या सीमा ओळखत नाहीत, म्हणूनच तर १९१८ पासून त्यांचा कायदा संघराज्याचा आहे. स्पीकरवरची बंदी संघराज्याने घातली आणि ती टिकली.

१ डिसेंबरनंतरची सकाळ कशी असते ते मात्र मित्राने प्रामाणिकपणे लिहायला हवं होतं, तो तिथे होता. उजाडायच्या अर्धा तास आधी आम्ही बांधावर बसलेलो. पूर्वेला डोंगरांवर राखाडी पट्टी. आणि तळ्यातळ्यांतून लुकलुक सुरू झाली. मी मोजायला लागलो, अठरापर्यंत मोजली. सगळ्या पाणथळीवर जणू कोणी फुटक्या आरशांचे तुकडे फिरवत बसलं होतं. पहिले थवे आले, खाली वाकले, पंख थोडे आखडले, आणि मग एकाएकी वर गेले, पुन्हा खाली आलेच नाहीत. कॅनडापासून इथवर येताना त्या बदकांनी अशी किती आरसेवाली तळी पाहिली असतील! आठ वाजेपर्यंत ते उंचावरूनच जात राहिले. आमच्या डावीकडचा एक जण वैतागून साठ-सत्तर यार्डांवर बार टाकू लागला. एक मादी लचकली, तिरपी तिरपी पडत दूर लव्हाळ्यांत गेली, त्याच्या कुत्र्याला सापडली नाही. साडेआठला अठरापैकी निम्मी यंत्रं रिमोटने बंद झाली होती. आता दुकानांत थांबून थांबून फिरणारी यंत्रं मिळतात. बदकं शिकली, म्हणून यंत्रालाही शिकवावं लागलं.

हे लिहायला हवं कारण मित्राचा सर्वांत चांगला मुद्दा इथेच येतो. यंत्रामुळे बदक जवळ येतं, जवळून मारलेलं बदक स्वच्छ मरतं, जखमी होऊन सुटत नाही. लेखातली वकिली जिथे खरी ताकदवान आहे ती इथे, आणि ऑक्टोबरच्या कोवळ्या पक्ष्यांबाबत तो बरोबर असू शकतो. जखमी बदक लव्हाळ्यांत रात्रभर पडून राहणं ही आमच्या छंदातली सर्वांत घाण गोष्ट आहे, तिच्यापुढे माझं श्वास-बॅटरीचं तत्त्वज्ञान फिकं पडतं. पण लांबचा बार न टाकणं हे बोटाच्या हातात आहे, यंत्राच्या नाही. जवळ येईपर्यंत थांबायचं, नाही आलं तर नाही मारायचं. हे करायला बॅटरी लागत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत, यंत्र सगळीकडे झाल्यावर, पक्षी उंच राहायला लागतात, तेव्हा हाच मुद्दा उलटा फिरतो. डावीकडच्या माणसाकडेही यंत्र होतं.

म्हातारे आणि नवशिके यांचं काय, असाही प्रश्न त्याने केला आहे. डक स्टँप घेणारे १९७०च्या सुमारास २४ लाखांच्या घरात होते, आता १५ लाखांच्या आसपास आहेत. शिकारी घटले की पाणथळींचा पैसा घटतो, मग नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बदक मिळू द्या. पैशाची चिंता खरी आहे. पण पहिल्याच दिवशी यंत्राने मिळालेल्या बदकासाठी जो येतो, तो यंत्र थकल्यावर राहतो का? मी दोघांना पहिल्यांदा घेऊन गेलो होतो, एकाला बदक मिळालं, एकाला नाही. ज्याला नाही मिळालं तो अजून येतो. हे काही प्रमाण नव्हे, दोन माणसांवरून काय सिद्ध होणार! संधिवाताने ज्याची बोटं वळत नाहीत अशा माणसासाठी मात्र मी सूट द्यायला तयार आहे. बऱ्याच राज्यांत अपंग तिरंदाजांना क्रॉसबो वापरायची सवलत आहेच, तशीच डॉक्टरच्या चिठ्ठीवर देता येईल. एका म्हाताऱ्याच्या बोटांसाठी बाकीच्या सगळ्यांच्या खिशात रिमोट ठेवायची गरज नाही.

"आणि तू दोरी ओढतोस ते?" हा त्याचा शेवटचा टोला. ओढतो. आमच्या दोरीला पाच प्लॅस्टिकची बदकं बांधलेली आहेत. एक टोक तळात रोवलेल्या काठीला, मध्ये रबराचा ताणपट्टा, दुसरं टोक माझ्या हातात. ओढलं की बदकं पुढे सरकतात, सोडलं की मागे, आणि पाण्यावर तरंग उठतात. बदकांना हलणारं पाणी आवडतं, स्तब्ध पाण्यातली स्तब्ध बदकं त्यांना मेल्यासारखी वाटत असावीत. थवा डोक्यावर असताना दोरी ओढायची की नाही, हा निर्णय दर दोन सेकंदांनी करावा लागतो. त्यांची शेपटी माझ्याकडे असताना ओढायची, त्यांचं तोंड माझ्याकडे असताना हात गोठवायचा. दोन तासांनी कोपर दुखतं. हातमोजा ओला होतो, मग आतला हात. हात हलला तर बदकाला हात दिसतो, आणि यंत्र लावलेल्या माणसाला हीच एक अडचण कधी येत नाही: त्याचे दोन्ही हात बंदुकीवर असतात.

मागच्या जानेवारीत एक तलवार बदक एकटंच आलं. इथे त्याला पिनटेल म्हणतात, उजनीवर येतं तेच, तीच लांब टोकदार शेपटी, मानेवर तोच पांढरा पट्टा. मित्राच्या यंत्राची बॅटरी त्या दिवशी थंडीने बसली होती, म्हणून माझी दोरीच चालू होती. पक्षी एकदा फिरला. मी ओढली. दुसऱ्यांदा खालून फिरला, डोकं वाकडं करून पाणी बघत. मित्र कुजबुजला, "ओढ ना!" मी ओढली नाही, त्याचं तोंड आमच्याकडे होतं. तिसऱ्या फेरीत तो लव्हाळ्यांच्या शेंड्यांवर आला, मी ओढली, आणि कुठे तरी हात थोडा जास्त गेला असावा. तो थबकला, वाऱ्यावर चढला आणि उत्तरेकडे निघून गेला. मित्राने बंदूक गुडघ्यांवर ठेवली, म्हणाला, "तुझ्यामुळे गेला."

बरोबर आहे, माझ्यामुळे गेला. दिवाळी अंकात हा प्रसंग आलेला नाही. बॅटरी बसली होती तेवढंच आलं आहे, बाजारात आता थंडी सोसणारी लिथियमची मिळते या माहितीसह.